आठ तारांचं काम

भंडारा जिल्ह्यातल्या बँकेत, पतसंस्थेत, तहसील कार्यालयात किंवा धान खरेदी केंद्रावर जाणाऱ्या माणसाच्या कानावर एक वाक्य कधी ना कधी पडतंच: ‘लिंक नाही, उद्या या.’ लाखांदूरकडच्या खेड्यातून सकाळची एसटी धरून आलेला शेतकरी त्यावर वाद घालत नाही. सातबारा, पीक विमा, धानाची नोंदणी, पासबुकावरची एन्ट्री, सगळं संगणकात गेलं आहे, आणि संगणकच बोलत नसेल तर खिडकीपलीकडच्या बाबूचाही नाइलाज असतो. तो माणूस मुकाट परत जातो. त्याची रोजी बुडते, भाडं वाया जातं.

ही लिंक तुटते कुठे? रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर उखडली तर तो दोष बाहेरचा. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेत बिघाड झाला तर त्यावर आपला ताबा नाही. उरतो तो कार्यालयाच्या चार भिंतींतला भाग, राउटरपासून टेबलापर्यंतचे तीस-चाळीस फूट. माझ्या अनुभवात तक्रारींचा मोठा वाटा या तीस-चाळीस फुटांतच सापडतो. आणि आपल्याच गावातला माणूस आपल्या हातांनी एकदा नीट करून पुढची पंधरा वर्षं विसरू शकेल, असा भागही हाच. हे पुस्तक तेवढ्याच भागाचं आहे.

ते कोणासाठी लिहिलं, हे आधी सांगतो. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन होऊन बाहेर पडलेली, दोन-तीन वर्षं घरांच्या वायरिंगवर हात बसलेली आपली मुलं असतात. काही जण केबल टीव्हीच्या जोडणीतून आले, काही सीसीटीव्ही बसवता बसवता या कामात शिरले. साकोली, तुमसर, पवनी, लाखनी, कुठेही एखाद्या कार्यालयात ‘लॅन टाकायची आहे’ असं निघालं की फोन यांनाच जातो. भिंत कशी फोडायची, पट्टी कशी मारायची, शिडीवर तोल कसा सांभाळायचा, हे त्यांना कोणी शिकवायला नको. पण नेटवर्कच्या तारेचे नियम विजेच्या तारेपेक्षा वेगळे आहेत. ते ज्या पुस्तकांत आहेत ती इंग्रजीत, महागडी, आणि उचललेल्या फरशीखालून तारा नेणाऱ्या काचेच्या इमारती डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली. आपलं कार्यालय किराणा दुकानाच्या माडीवर असतं. कुठे कवेलूच्या छपराला खालून फॉल्स सीलिंग मारलेलं असतं, कुठे भिंत हातभर जाड, जुन्या चुन्याची असते. राइस मिलचं कार्यालय तर मशीनघराला चिकटूनच उभं असतं.

सात तालुक्यांचा हा जिल्हा. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला, तेव्हापासून आकाराने लहान. वरठीचा पोलाद कारखाना, जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना, तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या मॅंगनीज खाणी, अशा मोठ्या आस्थापनांचे आपापले अभियंते आहेत. त्यांना या पुस्तकाची गरज नाही. पाच ते चाळीस टेबलांची कार्यालयं माझ्या डोळ्यांपुढे आहेत: पतसंस्था, सेवा सहकारी संस्था, शाळा-महाविद्यालयांचे कार्यालयीन विभाग, दवाखाने, कर सल्लागारांच्या खोल्या, मिलचे हिशेब ठेवणाऱ्या कचेऱ्या. जिल्ह्याचा रोजचा व्यवहार यांच्यातून चालतो, आणि इथली तार सहसा कोणाच्याच लक्षात नसते.

तार लक्षात राहत नाही याचं मूळ कारण ती संगणकाच्या खर्चात धरली जाते. ती इमारतीच्या खर्चात धरली पाहिजे. संगणक पाच-सहा वर्षांत बदलतो, स्विच त्याहून थोडा जास्त टिकतो, पण भिंतीत गेलेली केबल पंधरा-वीस वर्षं तिथेच राहते. इतकं टिकणारं काम आपल्याकडे सगळ्यात शेवटी निघतं. फरशी बसते, पीओपी होतं, रंगारी दुसरा हात मारून जातो, फर्निचर येतं, आणि मग कोणाला तरी आठवतं की संगणक जोडायचे राहिले. मग नव्या भिंतीवर पांढऱ्या पट्ट्या चिकटतात, दाराच्या चौकटीवरून तार लोंबते, टेबलाखाली गुंडाळा पडतो. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत माहिती-दळणवळणाच्या जोडण्यांसाठी वीज आणि लिफ्टच्या पंक्तीत वेगळा विभाग दिला आहे. म्हणजे नियम करणाऱ्यांनी हे काम इमारतीचंच मानलं. आपल्या गवंड्याने, सुताराने आणि मालकाने मानायचं बाकी आहे. पहिल्या प्रकरणात नुसती पेन्सिल आणि कागद आहे, केबल नाही, याचं कारण हेच.

आता तारेकडे वळू. कार्यालयांतली जाळी पूर्वी एकाच जाड तारेवर चालायची. १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेटची सुरुवात केली, ती टीव्हीच्या केबलसारख्या कोअॅक्सियल तारेवर. नव्वदच्या दशकात ज्यांनी संगणक केंद्रं पाहिली त्यांना ती आठवत असेल: प्रत्येक संगणकामागे टीच्या आकाराचा जोड आणि रांगेच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर. मधला एक जोड सैल झाला की सगळी रांग बसायची. १९९० साली दूरध्वनीसारख्या पिळलेल्या जोड्यांवर इथरनेट चालवण्याचं मानक ठरलं आणि प्रत्येक टेबलाला स्वतःची तार मिळाली. एकाची तार तुटली तर एकच संगणक बंद, बाकीचे चालू. आजही आपण हीच रचना बसवतो.

पिळाची कल्पना मात्र संगणकाहून फार जुनी. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली तिचं पेटंट घेतलं. दूरध्वनीच्या दोन सुट्या तारा शेजारून जाणाऱ्या विजेची आणि दुसऱ्या लाइनींची कुजबुज उचलायच्या. त्या एकमेकींभोवती पिळल्या की बाहेरचा गोंगाट दोघींवर जवळपास सारखाच बसतो. पलीकडचं यंत्र दोन्ही तारांमधला फरक तेवढा वाचतं, त्यामुळे दोघींवर सारखं आलेलं वजा होऊन जातं. नेटवर्कच्या केबलमध्ये अशा चार जोड्या, म्हणजे आठ तारा. नारंगी, हिरवी, निळी, तपकिरी, आणि प्रत्येकीची पांढरी सोबतीण. चारही जोड्यांचा पीळ एकसारखा नसतो. कोणाचा घट्ट, कोणाचा सैल. सारखा असता तर जोड्या आपापसांतच बोलू लागल्या असत्या. एवढं समजलं की या कामातले निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात. आपण हाताळतो ती खरी वस्तू पीळ आहे. केबल जोरात ओढली, कोपऱ्यात करकचून मोडली, प्लास्टिकच्या टायने आवळून बांधली, की आत पिळाची मांडणी बिघडते. वरून काहीच दिसत नाही.

म्हणून ओढताना जोर ११० न्यूटनच्या आत, म्हणजे साधारण अकरा किलो वजन टांगल्याएवढा. भिंतीला पाय लावून दोघांनी मिळून ओढणं हे विजेच्या तारेला चालतं, हिला नाही. वळण केबलच्या जाडीच्या चौपटीहून लहान नको. कॅट-६ जातीची केबल असेल तर जवळपास एक इंच त्रिज्या. बांधायला प्लास्टिकच्या टायऐवजी वेल्क्रोची पट्टी, आणि तीही बोट शिरेल इतकी सैल.

या कामातली कसोटीची जागा एकच, आणि ती अंगठ्याच्या नखाएवढी आहे: भिंतीवरच्या फेसप्लेटमागचा जॅक. केबलचं बाहेरचं आवरण दीड-दोन इंच सोलायचं, पातं आतल्या तारांना लागू न देता. कॅट-६ मध्ये जोड्या वेगळ्या ठेवणारा प्लास्टिकचा फुलीच्या आकाराचा कणा असतो, तो आवरणाच्या काठाशी छाटायचा. मग एकेक जोडी तिच्या रंगाच्या खाचेपर्यंत पिळासकट न्यायची आणि अगदी खाचेच्या तोंडाशी आल्यावर उलगडायची. उलगडलेली लांबी १३ मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. मग पंच टूलची कापणारी बाजू बाहेर ठेवून दाबायचं. टक् असा आवाज येतो, खाचेतली दोन धातूची पाती तारेचं प्लास्टिक चिरून तांब्याला घट्ट धरतात आणि उरलेलं टोक कापून पडतं. तार वेगळी सोलावी लागत नाही. आठ वेळा टक्, झाकण बंद, जॅक तयार. सवयीच्या हाताला दोन मिनिटं पुरतात. आपल्याकडे घाईने बसवलेला जॅक उघडला की आत दीड इंच सरळ केलेल्या, केसांच्या गुंत्यासारख्या तारा दिसतात. वरची फेसप्लेट मात्र स्वच्छ, चमकदार.

रंगांचा क्रम दोन पद्धतींनी लावता येतो, टी-५६८-ए आणि टी-५६८-बी. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ‘बी’ चालतो: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कोणताही निवडा, पण एका इमारतीत एकच ठेवा. या क्रमात हिरव्या जोडीच्या मधोमध निळी जोडी बसते, आणि तिथेच नवशिके फसतात. त्यांना वाटतं, दोन्ही टोकांना क्रम सारखा असला की झालं. मग पांढरा-हिरवा शेजारी हिरवा, पांढरा-निळा शेजारी निळा अशी सरळ रांग लावून ते मोकळे होतात. दुकानात मिळणाऱ्या दिव्यांच्या स्वस्त टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीने लागतात. पण तिसऱ्या-सहाव्या पिनेवर जो संदेश एकाच पिळातल्या दोन तारांतून जायला हवा तो आता दोन वेगळ्या जोड्यांतल्या तारांतून जातो. पीळ असून नसल्यासारखा. लहान तारेवर चालतं, लांब तारेवर अडखळतं, कधी चालतं कधी नाही. दिव्यांचा टेस्टर तार जोडली आहे एवढंच सांगू शकतो. ती वेग पेलेल की नाही हे त्याला कळत नाही. त्यासाठी वेगळं महाग यंत्र लागतं. ते नागपूरहून भाड्याने किंवा ओळखीने आणता येतं आणि वीस-पंचवीस पॉइंटच्या कामावर तो खर्च लावायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

जुन्या दिवसांची आणखी एक सवय अजून जिवंत आहे. १० आणि १०० मेगाबिटच्या काळात आठपैकी चारच तारा लागत, म्हणून उरलेल्या चारांवर दुसरा संगणक किंवा फोन जोडून केबल वाचवली जाई. गिगाबिटचं मानक १९९९ साली आलं आणि त्याला चारही जोड्या लागतात. अशा वाटून घेतलेल्या तारेवर नवा संगणक लावला की तो गुपचूप १०० वर उतरतो, आणि कार्यालय म्हणतं, ‘नवीन मशीन घेतलं तरी स्लोच आहे.’ नव्या मशीनचा त्यात काहीच दोष नसतो.

धातूबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण हे भंडारा आहे. पितळेच्या भांड्यांनी या शहराचं नाव दूरवर नेलं. तांबं आणि जस्त यांच्या मेळाचं ज्ञान इथल्या कारागिरांच्या घराघरांत होतं. त्याच शहराच्या बाजारात आज तांब्याच्या नावाने अॅल्युमिनियम विकलं जातं. त्याला सीसीए म्हणतात: आत अॅल्युमिनियम, वर तांब्याचा पातळ मुलामा. डब्यावर ‘कॅट-६’ असं ठळक छापलेलं, लांबी तीच, ३०५ मीटर, आणि किंमत बरीच कमी. आठ तारांसाठी ठरलेल्या मानकांत अशा तारेला जागाच नाही. अॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक, तार ठिसूळ, जॅकच्या पात्यांत धरलेली जागा कालांतराने सैल पडते. आणि धोका नुसत्या वेगाचा नाही. आता कॅमेरे आणि वाय-फायचे डबे याच तारेतून वीजही घेतात. त्याचं पहिलं मानक २००३ साली आलं तेव्हा स्विचकडून १५.४ वॅट मिळत, २००९ मध्ये ३०, आणि २०१८ च्या मानकात ९० पर्यंत. जास्त रोधाच्या तारेतून ही वीज गेली की तार तापते, आणि पाइपात ती एकटी नसते, वीस-पंचवीस जणींच्या जुडग्यात असते.

ओळखायला यंत्र लागत नाही. डबा उचलून पाहा, हाताला हलका लागतो. एका तारेचं टोक ब्लेडने खरवडा. तांबं असेल तर आतही लालसर, सीसीए असेल तर आत चांदीसारखं पांढरं. दुकानदाराला वाईट वाटेल म्हणून संकोचू नका, त्याच्यासमोरच खरवडा. ज्या गावात पितळेची गुंडी घेताना माणसं ती बोटाने वाजवून पाहत आली, त्या गावात तार खरवडण्यात कसला संकोच?

आपल्या हवेचं कोणत्याच परदेशी पुस्तकात नसतं, म्हणून त्यावर एक पूर्ण प्रकरण आहे. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. केबलची क्षमता २० अंशांवर मोजलेली असते. तापमान वाढलं की संदेश वाटेत अधिक क्षीण होतो, आणि ४० अंशांपुढे आणखी वेगाने. पत्र्याच्या किंवा कवेलूच्या छपराखाली, फॉल्स सीलिंगच्या वरच्या पोकळीत दुपारी काय तापत असेल याची कल्पना करा. मानक सांगतं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १०० मीटर: ९० मीटर भिंतीतली पक्की केबल आणि दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड मिळून १०. पत्र्याखालून जाणाऱ्या तारेला मी ९० मीटर धरत नाही, बरंच कमी धरतो, आणि लांबीची ओढाताण असेल तर सगळ्या केबल जिथे येऊन मिळतात त्या रॅकची जागाच बदलतो.

उन्हाळा आला की कूलर येतो. खिडकीत कूलर, खिडकीखाली टेबल, टेबलामागे जमिनीपासून वीतभर उंचीवर नेटवर्कचा पॉइंट, ही आपल्या कार्यालयांची ठरलेली मांडणी. एका पतसंस्थेत दर उन्हाळ्यात एकच टेबल बंद पडायचं आणि पावसाळ्यात आपोआप सुरू व्हायचं. संगणक बदलून झाला, स्विच बदलून झाला. फेसप्लेट उघडली तेव्हा जॅकच्या पिना हिरव्या पडलेल्या. कूलरच्या टाकीतून पाझरणारं पाणी भिंतीवरून उतरून थेट पेटीत जात होतं. शिवाय कूलरच्या मोटरची वीज आणि नेटवर्कची केबल एकाच पाइपातून नेलेली. दोन नियम इथूनच घ्या. पॉइंट कूलरच्या खिडकीपासून दूर आणि टेबलाच्या उंचीवर. आणि वीज व नेटवर्क एका पाइपात कधीच नाही. समांतर जायचं असेल तर मध्ये निदान एक वीत अंतर, ओलांडायचं असेल तर काटकोनात.

उंदीर-घुशींचं सांगायला नकोच. धानाच्या जिल्ह्यात त्या असणारच. पाइपाची तोंडं बंद करा, उघड्यावर लोखंडी पाइप वापरा, आणि रॅकच्या तळाशी केबल शिरते त्या भोकाला जाळी लावा.

राइस मिलची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते या जिल्ह्यातल्या केबलच्या कामाची खरी परीक्षा तिथेच आहे. कार्यालय एकीकडे, वजनकाटा फाटकाजवळ, मधे ट्रक उभे राहण्याचं मैदान. काट्याच्या खोलीतला संगणक कार्यालयाशी जोडलेला हवा, म्हणजे आलेल्या धानाचं वजन थेट हिशेबात जाईल. अंतर बहुधा शंभर मीटरच्या पुढे. लोक काय करतात, मधे झाडावर किंवा खांबावर एक डबी लटकवून तांब्याचीच केबल पुढे नेतात. जूनमध्ये पहिली वीज कडाडली की दोन्हीकडचे स्विच जळतात, कधी कधी संगणकही. वीज थेट तारेवर पडायची गरज नसते. आसपास पडली तरी लांब उघड्या तारेत दाब चढतो. शिवाय दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं आणि त्यांच्यातला फरक ही तार अंगावर घेते. दोन इमारतींच्या मधे तांबं न्यायचं नाही, फायबर न्यायची, हा नियम मी मोडू देत नाही. काचेतून वीज वाहत नाही. मात्र बाजारात मिळणाऱ्या मजबूत फायबरवर पोलादी कवच असतं किंवा लटकवण्यासाठी पोलादी तार जोडलेली असते, ती दोन्ही इमारतींना जोडून ठेवली तर काचेचा फायदा गेला. ते पोलाद कुठे तोडायचं आणि कुठे अर्थ करायचं, हे आकृतीसह दिलं आहे. फायबरची जोडणी महाग पडते ही समजूत आता जुनी झाली. गावोगाव इंटरनेट देणाऱ्यांकडे तिचं सांधणं करणारी माणसं आहेत, त्यांना तासाभरासाठी बोलवा.

पुराविषयीही लिहिलं आहे. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचा पूर भंडारा शहरात शिरला. नदीकाठच्या गावांत कार्यालयाचा रॅक आणि युपीएस जमिनीवर ठेवू नये, हे त्यानंतर वेगळं सांगायला लागू नये. तळमजलाच असेल तर रॅक भिंतीवर, डोक्याच्या उंचीवर. पुराची खूण भिंतीवर ठाऊक असेल तर तिच्याही वर.

आणि आग. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागली आणि दहा बाळं गेली. त्या घटनेचा नेटवर्कच्या तारांशी संबंध मी जोडत नाही. पण त्या सकाळनंतर या जिल्ह्यात भिंतीत काहीही घालणाऱ्या माणसाने धुराचा विचार केल्याशिवाय काम करू नये, असं मला मनापासून वाटतं. साध्या केबलचं आवरण पीव्हीसीचं असतं. ते जळलं की काळा, घशाला जाळणारा धूर होतो. कमी धूर आणि क्लोरीनसारखे हॅलोजन नसलेल्या आवरणाची केबल मिळते, थोडी महाग पडते. दवाखाना, शाळा, वसतिगृह, जिथे माणसांना पटकन बाहेर पडता येत नाही, तिथे तीच वापरा. केबल एका खोलीतून दुसरीत किंवा एका मजल्यावरून दुसऱ्यावर नेण्यासाठी पाडलेलं भोक आग रोखणाऱ्या मसाल्याने बुजवा. उघडं भोक म्हणजे धुराला मोकळी वाट. मालकाच्या नजरेला ते कधी पडणार नाही आणि त्याचे पैसे तो मागून देणार नाही. तरीही बुजवा.

एक प्रश्न मला प्रत्येक ठिकाणी विचारतात: आता सगळं वाय-फायवर आहे, मोबाइलवर आहे, मग तारा कशाला? प्रश्न रास्त आहे आणि महाराष्ट्राने त्याचं एक उत्तर पाहिलेलं आहे. १९९८ साली कोल्हापूर-सांगलीच्या वारणा खोऱ्यातल्या सत्तर गावांना संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. देशभर त्याचं नाव झालं. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तिथे अभ्यास केला, तेव्हा गावातल्या संगणकांवर मुख्यतः उसाच्या वजनाची आणि हिशेबाचीच माहिती बघितली जाते असं आढळलं. तेवढं काम त्यांनी साध्या मोबाइलच्या एसएमएसवर करून दाखवलं. शेतकऱ्याच्या हातातली तार खरंच गेली. पण त्या एसएमएसला उत्तर देणारा संगणक एका जागी बसलेलाच होता. आजही तेच आहे. छताला लावलेला वाय-फायचा डबा स्वतः केबलवर जगतो, वीजही तिच्यातूनच घेतो. केंद्र सरकारने २०११ साली ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचं ठरवलं, पुढे त्याला भारतनेट हे नाव मिळालं. ती फायबर भिंतीपर्यंत येते. भिंतीपासून टेबलापर्यंतचं काम उरतंच. फिरत्या माणसाला वाय-फाय द्या. कॅश काउंटर, प्रिंटर, कॅमेरा, हजेरीचं यंत्र यांना तार द्या. जाड चुन्याच्या भिंतींच्या जुन्या इमारतीत तर वाय-फाय एका खोलीपलीकडे जाता जाता दमतो, तिथे डबे वाढवावे लागतात आणि तितक्याच केबलही.

शेवटचं प्रकरण नोंदींचं आहे, आणि वाचायला कंटाळवाणं असलं तरी आधी तेच वाचा अशी विनंती आहे. केबल ओढण्याआधी दोन्ही टोकांना क्रमांक लिहायचा. ओढून झाल्यावर शोधत बसायचं नाही. तोच क्रमांक फेसप्लेटवर, तोच पॅच पॅनलवर. मजल्याचा साधा नकाशा, कोणती केबल कुठून गेली, कुठे वळली, कुठे वीजवाहिनी ओलांडली. एक प्रत रॅकच्या दाराच्या आत चिकटवा, एक मालकाकडे, एक स्वतःकडे. तुम्ही उद्या पुण्याला कामाला गेलात तर तुमच्या जागी येणारा मुलगा या कागदावर उभा राहील. नाही तर तो एकेक तार उपटून बघेल आणि तेवढा वेळ खिडकीपुढची रांग थांबेल.

मोबदल्याचं आताच बोलतो, कारण काम बिघडण्याची सुरुवात तिथेच होते. आपल्याकडे पॉइंटमागे एक दर ठरतो आणि सगळं त्यात येतं. मग केबल आखूड पडावी म्हणून ती वीजवाहिनीला चिकटून जाते, लेबल लागत नाही, तपासणी दोन दिव्यांवर आटोपते. दरपत्रकात केबल मीटरवर, जोडणी पॉइंटवर, लेबल व नकाशा वेगळ्या ओळीत आणि तपासणी वेगळ्या ओळीत लिहा. केबलचा प्रकार लिहिताना ‘शुद्ध तांबे’ हे शब्द घाला. मालक तपासणीची ओळ खोडायला सांगेल. तेव्हा त्याला सांगा, की प्रत्येक केबलचा तपासणी अहवाल हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊच नका. असा अहवाल कसा दिसतो आणि त्यातला कोणता आकडा आधी बघायचा, हे परिशिष्टात दिलं आहे. ते मालकांनीही वाचावं.